श्वास घ्या, थांबवा, सोडा

वीतभर लांबीच्या प्लास्टिकच्या नळीत काळी माती भरलेली. ती नळी सीटी स्कॅनच्या टेबलावर आडवी ठेवलेली. खोलीत दुसरं कोणी नाही. आणि काचेपलीकडे बसलेले काका माइकचं बटण दाबून त्या मातीला गंभीर आवाजात सांगायचे, “श्वास घ्या. थांबवा.” टेबल सरकायचं, मशीन घरघरायचं, आणि फोटो निघाले की काका पुन्हा बटण दाबायचे, “सोडा आता.” पहिल्या दिवशी मला हसू आवरेना. “काका, माती हाय ते,” मी म्हटलं. स्क्रीनवरची नजर न काढता ते म्हणाले, “माहीत हाय मले. पन तुह्या मातीसाठी सवय मोडली, अन् उद्या एखाद्या माणसाले ‘सोडा’ म्हनाचं राह्यलं तं? तो बिचारा धरूनच ठेवीन ना.”

यवतमाळातल्या एका खासगी स्कॅन सेंटरात काका तंत्रज्ञ होते. त्यांचं खरं नाव फक्त हजेरीच्या रजिस्टरात होतं, बाकी सगळे त्यांना सीटीवाले काका म्हणायचे. मूळचे नेरचे. अंगाने ठेंगणे, चष्मा जाड भिंगांचा, आणि शर्टाच्या खिशाला किरणं मोजणारा बिल्ला कायम अडकवलेला. मशीनमध्ये खरं तर सूचना देणारा एक आवाज कंपनीनेच भरून दिला होता, कोण्या बाईचा, गुळगुळीत हिंदीतला. काकांनी तो बंद करून टाकला होता. का, तर खेड्यावरून आलेली म्हातारी माणसं त्या बाईला उत्तर द्यायची. “कोन हाय वं माय, म्हून इचारतेत, अन् तेवढ्यात फोटो हालते,” काका सांगायचे. तेव्हापासून त्या मशीनमधून वऱ्हाडी बोलणं ऐकू यायला लागलं, आणि फोटो हलायचे थांबले.

मी तिथे पोचले ती माझ्या पीएच.डी.मुळे. विषय काळ्या मातीची सूक्ष्मरचना. आपल्या कपाशीच्या वावरातली माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते, पावसाळ्यात फुगून बंद होते. तिच्या पोटात किती पोकळ्या आहेत, त्या एकमेकींना जोडलेल्या आहेत का, पाणी नेमकं कोणत्या वाटेने खाली उतरतं, हे मला बघायचं होतं. फोडून बघावं तर जे बघायचं तेच मोडतं, म्हणून क्ष-किरण. केसाहून बारीक पोकळ्या दाखवणारं सूक्ष्म-सीटीचं यंत्र परगावच्या संस्थेत होतं, तिथे हरभऱ्याएवढी ढेकळं पाठवता यायची. पण अख्खी नळी बघायची तर माणसांचंच मशीन हवं. सेंटरचे डॉक्टर माझ्या मार्गदर्शकांचे वर्गमित्र निघाले आणि रविवारी दुपारी, पेशंट संपल्यावर, मला परवानगी मिळाली. अट एकच, मशीनवर मातीचा एक कणही सांडता कामा नये. काका टेबलावर प्लास्टिक अंथरायचे, त्यावर चादर, त्यावर पुन्हा प्लास्टिक, आणि काम झाल्यावर स्वतः फडकं घेऊन पुसत बसायचे. “लेकरू हागलं असतं तं एवढं धुवा लागलं नसतं,” असं दर रविवारी म्हणायचे.

माती आणायचं काम बाबांनी अंगावर घेतलं होतं. बाबा एसटीत ड्रायव्हर होते, निवृत्त होऊन घरी बसले होते आणि बसून बसून वैतागले होते. राळेगावला माझ्या मावसभावाच्या वावरात आम्ही नळ्या ठोकून माती काढायचो, आणि पुढे मला कॉलेज असलं की बाबा एकटेच त्या नळ्या घेऊन बसने यायचे. धक्का बसला की आतली रचना बिघडते, हे मी एकदाच सांगितलं होतं. तेव्हापासून ते ड्रायव्हरच्या मागच्याच सीटवर बसायचे, नळ्या मांडीवर घ्यायचे आणि प्रत्येक खड्ड्याआधी त्याला सांगायचे, “हळू घे बाप्पा, मांडीवर माती हाय.” सेंटरला पोचले की काकांच्या हातात नळी अशी द्यायचे, जसं काही तान्हं बाळ. दोघांचं लगेच जमलं. काका त्यांना भाऊ म्हणायला लागले. रविवारी आमचं काम चालायचं आणि बाबा बाहेरच्या बाकावर बसून आपला रस्त्यांचा इतिहास जो भेटेल त्याला ऐकवायचे.

किरणांच्या बाबतीत काका फार कडक होते. एकदा मातीचं काम लवकर आटोपलं तेव्हा मी सहज म्हटलं, काका, माझ्या हाताचा एक स्कॅन काढा ना, हाडाची आतली जाळी मातीच्या जाळीशी ताडून बघते. ते खुर्चीत वळले आणि माझ्याकडे असे बघत राहिले की मीच खाली बघितलं. “मातीले पाह्यजे तेवढे किरनं दे. माणसाले मोजून. अन् कारन असल तरच,” ते म्हणाले. मग फडकं घेऊन टेबल पुसायला उठले. त्यांच्या मते या मशीनला सगळ्यात जास्त भ्यायला हवं ते चालवणाऱ्याने, आणि चालवणारे नेमके भीत नाहीत.

मातीचे फोटो मात्र त्यांना मनापासून आवडायला लागले. सीटीच्या मापात पाणी म्हणजे शून्य, हवा त्याच्या खाली, हाड वर, हे त्यांनीच मला बोट ठेवून शिकवलं. परगावाहून सूक्ष्म-सीटीची चित्रं आली की त्यांना आधी दाखवावी लागायची. गांडुळाची वाट, कपाशीच्या मुळाने केलेलं छिद्र, त्याला फुटलेली बारीक छिद्रं. “हे तं फुप्फुस हाय वं,” ते म्हणाले. त्यांच्याच मशीनवर काढलेल्या फोटोंची एक जोडी तर त्यांनी माझ्याकडून छापून घेतली. त्यातल्या पहिल्या फोटोत वाळलेली नळी, वरपासून खालपर्यंत भेग गेलेली. दुसऱ्यात तीच नळी, हळूहळू पाणी पाजल्यानंतर दोन दिवसांनी, आणि भेग नाही. “भरली? आपोआप?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, काळ्या मातीचा गुणच तो. त्यांनी दोन्ही फोटो उजेडाकडे धरले, खाली ठेवले, पुन्हा धरले. “एवढे वर्सं इथी बसून राह्यलो मी. पन भरलेलं पाहाले भेटत नाई इथं,” असं काहीसं पुटपुटले आणि चहा सांगायला उठले.

मी रविवारी अकरालाच जाऊन बसायचे, शेवटचे पेशंट संपेपर्यंत काकांच्या खोलीत, कोपऱ्यातल्या स्टुलावर. सवयीने मी सगळीकडे नमुने शोधते, धंदाच तो. नंतरचे रिपोर्ट कानावर पडत, तसा महिनाभरात काकांच्या वागण्यातला नमुना माझ्या लक्षात आला. तंत्रज्ञाने पेशंटला रिपोर्टमधलं काही सांगायचं नसतं, तो डॉक्टरांचा अधिकार. कोणीही विचारलं तरी काकांचं उत्तर ठरलेलं, “डॉक्टर सांगतीन.” पण फोटो सगळ्यात आधी दिसायचे त्यांनाच. चांगला फोटो निघाला की काका पेशंटवर खेकसायचे. “उठा, झालं, लोळत काय राह्यले, मांगं लाइन हाय.” आणि फोटोत काही वाईट दिसलं की आवाज उतरायचा. ते आत जायचे, हाताला धरून उठवायचे, आणि दाराशी काढलेल्या चपला वाकून उलट्या फिरवून पायाशी ठेवायचे, तोंड बाहेरच्या बाजूला, म्हणजे त्या माणसाला फक्त पाय सरकवायचे. तेवढंच त्यांच्या हातात होतं. शब्दाने काही सांगायची मुभा नाही, लपवायला मन तयार नाही, म्हणून त्यांनी नकळत ही वाट काढली असावी. त्यांना स्वतःला हे ठाऊक होतं की नाही, मला शंका आहे.

आता इथे मला माझी लाज सांगायची आहे. मला तोंड आवरत नाही. एखादी गोष्ट कळली की ती दुसऱ्याला सांगेपर्यंत माझ्या पोटात दुखतं. सेंटरच्या काउंटरवर शीतल नावाची मुलगी बसायची, तिच्याशी माझी गट्टी होती. एका दुपारी समोसा खाता खाता मी तिला म्हटलं, “तुह्या ध्यानात आलं का, काका कोनाच्या चपला सरळ करतेत ते?” आणि मोठ्या हुशारीने सगळं उलगडून सांगितलं. तिचे डोळे विस्फारले. मला फार छान वाटलं. शीतलने घरी सांगितलं, घरच्यांनी शेजारी, आणि थोड्याच दिवसांत बाकावरची माणसं दाराकडे न बघता दाराशी काढलेल्या चपलांकडे बघायला लागली.

मग ती आजी आली. राळेगावकडची, काठी घेऊन, कंबरेत वाकलेली, बरोबर सून. स्कॅन झाल्यावर काकांनी तिचं वाकणं बघितलं आणि तिला त्रास नको म्हणून चपला फिरवून पुढे ठेवल्या. आजीने खाली बघितलं आणि मटकन जमिनीवर बसली. “मेली वो मी. चपला सरळ केल्या माह्या,” म्हणून तिने जो हंबरडा फोडला तो रस्त्यावर ऐकू गेला. काकांना काही कळेना. सुनेने रडत रडत सांगितलं तेव्हा कळलं. फोटो स्वच्छ होता, हे मला नंतर समजलं. काकांना ते तेव्हाच माहीत होतं आणि सांगता येत नव्हतं. “आजी, तसं काई नाई वो, तुमची कंबर दुखते म्हून ठेवल्या,” ते पुन्हा पुन्हा म्हणत होते, आणि ती म्हणत होती, “असंच म्हनता तुम्ही, असंच म्हनता.” मी स्टुलावर बसले होते. जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं वाटत होतं.

काका मला रागावले असते तर मी रडून मोकळी झाले असते. शीतलने माझं नाव सांगितलंच होतं. पण त्या दिवशी त्यांनी नेहमीसारखं प्लास्टिक अंथरलं, मातीला श्वास थांबवायला सांगितला, सोडायला सांगितला, आणि फडकं मारता मारता म्हणाले, “पोरी, मातीच्या पोटातलं सांगाचं असते. त्याच्यासाठीच तं शिकून राह्यली तू. माणसाच्या पोटातलं त्याले स्वतःले इचारल्याबिगर नाई सांगत कोनाले.” मी माफी मागितली. “जाऊ दे,” ते म्हणाले. पुढच्या रविवारपासून ते प्रत्येकाच्या चपला फिरवायला लागले. बरा असो, आजारी असो, लहान असो, मोठा असो. कोणावर खेकसणंही बंद. दिवसभरात किती वेळा वाकत असतील कोण जाणे, गुडघे आधीच गेलेले होते, उठताना दाराची चौकट धरायचे. एकाला कळू नये म्हणून सगळ्यांपुढे वाकणारा माणूस मी आपल्या डोळ्यांनी बघितला, आणि त्याला तसं वाकवणारी मी होते.

त्या हिवाळ्यात बाबांना खोकला लागला. धूळ लागली, कापसाचा हंगाम आहे, असं म्हणत त्यांनी दोन महिने काढले. पँट सैल झाली तेव्हा मी त्यांना ओढत डॉक्टरांकडे नेलं, एक्स-रे झाला, आणि डॉक्टरांनी छातीचा सीटी लिहून दिला. बाबांना तर आनंदच झाला. “आपल्याच मशीनवर जाऊ,” ते म्हणाले. जसं काही मामाच्या घरी.

तो रविवार नव्हता. मी नेहमीच्या दारातून आत निघाले तर काकांनी हात आडवा केला. “आज तू बाहेर बस. आज तू नातेवाईक हायेस.” मी बाकावर बसले, बाबांच्या जागेवर. यंत्रखोलीचं दार बंद झालं. काकांच्या खोलीचं दार मात्र नेहमीसारखं पुरतं लागलं नव्हतं. “भाऊ, आरामात पडा,” काका म्हणाले. “काई नाई, बसच्या शिटीवर पडलो समजा,” आतून बाबा म्हणाले, मग त्यांचं हसू आणि खोकला. मग माइकचं बटण वाजलं.

“श्वास घ्या. थांबवा.”

मशीन घरघरलं. छातीच्या स्कॅनला किती वेळ लागतो, हे मला त्या मशीनवर काम करून पाठ झालं होतं. वीतभर मातीपेक्षा थोडा जास्त. घरघर कमी झाली. मी “सोडा”ची वाट बघत होते. तो शब्द आला नाही. मी स्वतःही श्वास धरला होता, हे मला तेव्हा कळलं. ज्या माणसाने मातीच्या नळीलाही कधी ‘सोडा’ म्हटल्याशिवाय ठेवलं नव्हतं, तो काचेपलीकडे गप्प बसला होता. शेवटी आतून बाबांच्या खोकल्याची उबळ ऐकू आली, आणि त्यावर धडपडत काकांचा आवाज, “सोडा, सोडा, भाऊ, सोडा आता.”

मला कळलं. रिपोर्ट दोन दिवसांनी येणार होता, पण मला तिथे बाकावरच कळलं.

बाबा बाहेर आले ते हसत. काकांनी त्यांच्या चपला फिरवून ठेवल्या होत्या, पण त्या आता सगळ्यांच्याच फिरवलेल्या असायच्या. काका माझ्याकडे बघत नव्हते, मी त्यांच्याकडे. मी विचारलं नाही तरी ते म्हणाले, “डॉक्टर सांगतीन.” रिक्षात बाबा मोठ्या फुशारकीने सांगत होते, “तुहा काका भुलला वाटते. ‘थांबवा’ म्हने अन् चूप. म्या बी सोडला नाई. धरला म्हंजे धरला. सरकारी नोकरी केली हाय म्या, हुकूम होयेपर्यंत सोडत नसतो.” मी हसले. मी, जिच्या पोटात काही राहत नाही, ती दोन दिवस आई-बाबांसमोर जेवत होते, बाबांना औषध देत होते, टीव्ही बघत होते, आणि एक शब्द बोलले नाही. काकांनी सांगितलेलं तेवढं एकच मी तेव्हा पाळलं.

रिपोर्ट आला, त्यात जे असायचं ते होतं. नागपूरच्या फेऱ्या झाल्या. त्या काळात माझ्यासारखी निरुपयोगी मुलगी दुसरी नसेल. माझ्या कॉम्प्युटरवर मातीची केसाएवढी पोकळी मी मोजू शकत होते, तिला रंग देऊ शकत होते, तिच्यातून पाणी कुठे जाईल ते सांगू शकत होते. बाबांच्या छातीचे फोटोही मला वाचता येत होते, आणि वाचता येण्याचा काडीचा उपयोग नव्हता. मातीचा नमुना बिघडला की राळेगावहून दुसरा यायचा. तो आणणारा माणूसच आता उशीला टेकून बसल्याशिवाय झोपू शकत नव्हता.

मधल्या काळात उरलेल्या नळ्या संपवायच्या म्हणून मी एका रविवारी सेंटरला गेले. काकांनी प्लास्टिक अंथरलं, नळी ठेवली, बटणावर बोट ठेवलं आणि काहीच म्हणाले नाहीत. नुसतं मशीन फिरलं. दुसऱ्या नळीलाही तसंच. मला ते सहन होईना. “काका, म्हना ना,” मी म्हटलं. त्यांनी माइक जवळ ओढला आणि मातीला सांगितलं, श्वास घ्या, थांबवा, आणि घरघर थांबता थांबताच, सोडा.

पावसाळ्यात बाबा गेले. काका स्मशानात आले होते, सगळ्यांच्या मागे उभे होते, आणि तसेच निघून गेले. त्या वर्षाअखेरीस त्यांनी नोकरी सोडली आणि नेरला राहायला गेले. मशीनमध्ये ती हिंदी बोलणारी बाई पुन्हा सुरू झाली, असं शीतलने कळवलं.

पीएच.डी. झाल्यावर प्रबंधाची प्रत घेऊन मी नेरला गेले. नळ्या आणल्याबद्दल बाबांचे आणि त्या सांभाळून बघितल्याबद्दल काकांचे आभार त्यात छापले होते. काकांनी ते पान दोनदा वाचलं आणि काकूंना वाचून दाखवलं. भिंतीवर बुद्धाच्या तसबिरीखाली मातीची ती जोडी चिकटवलेली होती, भेगेची आणि भरलेल्या भेगेची. चहा झाला, चिवडा झाला. बाबांबद्दल आम्ही दोघंही बोललो नाही. त्यांच्या खड्ड्यांबद्दल मात्र बोललो, आणि हसलोही.

मी निघाले तेव्हा काका माझ्याआधी दाराशी गेले. “काका, राहू द्या,” मी म्हणेपर्यंत ते चौकट धरून वाकले होते. एक चप्पल फिरवली, दुसरी फिरवली, आणि तसेच वाकून राहिले. मान वर न करता, चपलांकडे बघत त्यांनी विचारलं, “पोरी, भाऊचा फोटो काढला त्या दिवशी... माह्याकून उशीर झाला. तू बाहेर बसली होती. तुले कळलं होतं का वं?”

“नाही काका,” मी म्हटलं. “मले तं रिपोर्ट आल्यावरच कळलं.”

ते हळूच म्हणाले, “मंग बरं,” आणि गुडघ्यावर हात ठेवून उभे राहायला लागले. त्यांना वेळ लागला. मी चपलांत पाय सरकवले आणि ते पुरते उभे होईपर्यंत तिथेच थांबले.